लॅपटॉपला जीपीएस रिसीव्हर जोडून गाडीत वाट शोधणे : व्यवहारात कितपत जमते?

पाणवठा

नमस्कार. मी भूजल आणि पाणलोट सर्वेक्षणाची कामे करतो. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, मोलगी आणि अक्कलकुवा या बाजूला गाडीने सतत जावे लागते. तळोद्यापर्यंत मोबाइलवरील नकाशे उत्तम काम देतात. चांदसैली घाट लागला की रेंज जाते, आणि त्याहून मोठी अडचण अशी की ज्या पाड्यांवर मला पोहोचायचे असते त्यांतील बरेचसे त्या नकाशांत नावानिशी सापडतच नाहीत. विहिरी, बंधारे, नाले आणि पाडे यांचे मी स्वतः तयार केलेले स्तर लॅपटॉपवर क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये आहेत आणि त्यांच्याखाली भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट (भूरूप दाखवणारे नकाशे) बसवलेल्या आहेत. थोडक्यात, मला उपयोगी पडणारा नकाशा लॅपटॉपवर आहे.

म्हणून लॅपटॉपलाच यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर जोडावा आणि गाडी चालत असताना आपले स्थान थेट त्या नकाशावर पाहावे, असा विचार आहे. लॅपटॉप चौदा इंची, विंडोज १० असलेला आणि साध्या हार्ड डिस्कचा आहे. बहुतेक वेळा शेजारी सहकारी असतो, पण नेहमीच नाही. रिसीव्हर कोणता घ्यावा, त्यात आपल्या ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह दिसणे आवश्यक आहे का, कोणता प्रोग्राम वापरावा, आणि दिवसभर वीज कशी पुरवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे. गूगल मॅप्सच लॅपटॉपवर नीट चालणार असेल, तर तेही कळवावे.

तारकामंडल

रिसीव्हरपुरते उत्तर देतो, कारण या साऱ्या खटाटोपात तोच भाग सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त आहे.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे प्रथम स्पष्ट करू. रिसीव्हर काहीही प्रसारित करत नाही, तो १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येणारे उपग्रहांचे अत्यंत क्षीण संकेत ऐकतो आणि त्यांवरून स्थान काढतो. घाटात आपला मोबाइल निरुपयोगी वाटतो तो नकाशा उतरवता येत नाही म्हणून. स्थान त्यालाही कळतच असते. फरक एवढाच की, रेंज असताना मोबाइलला उपग्रहांच्या कक्षांची माहिती नेटवर्ककडून आयती मिळते आणि स्थान लगेच लागते. यूएसबी रिसीव्हरला ती माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि ती काही तासच उपयोगी राहते. त्यामुळे सकाळी निघताना गाडी उघड्या आकाशाखाली एक-दोन मिनिटे उभी ठेवावी. रिसीव्हर पहिल्यांदाच वापरत असाल किंवा तो बरेच महिने कपाटात पडून असेल, तर थोडा अधिक वेळ द्या, कारण सर्व उपग्रहांच्या ढोबळ कक्षांचे संपूर्ण वेळापत्रक प्रसारित व्हायला साडेबारा मिनिटे लागतात.

खरेदी करताना यू-ब्लॉक्स कंपनीची सातव्या किंवा आठव्या पिढीची चिप असलेला रिसीव्हर पाहावा. दोन आकार मिळतात : पेन ड्राइव्हसारखा थेट खोचण्याचा, आणि वायर व तळाशी चुंबक असलेला. आपण दुसराच घ्यावा. थेट खोचलेल्या रिसीव्हरचा अँटेना लॅपटॉपच्या विद्युत गोंगाटाला अगदी चिकटून राहतो, शिवाय वर गाडीचे छप्पर असते. वायरवाला रिसीव्हर समोरच्या काचेखाली किंवा सरळ टपावर ठेवता येतो. काही गाड्यांच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो आणि त्यातून संकेत नीट येत नाहीत. अशा गाडीत टपाला पर्याय नाही.

‘नाविक’साठी अधिक पैसे मोजू नयेत. त्याचे पहिल्या पिढीचे उपग्रह एल-५ आणि एस या पट्ट्यांत प्रसारण करतात, तर हे स्वस्त रिसीव्हर केवळ एल-१ पट्टा, म्हणजे वर सांगितलेला १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, ऐकतात. एल-१ वर प्रसारण करणारा पहिला नाविक उपग्रह, म्हणजे एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ रोजी सोडला गेला. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीचा लाभ मात्र आपल्याला आजही मिळू शकतो, कारण तिचे सुधारणा-संकेत एल-१ वरच येतात आणि आठव्या पिढीची चिप ते वापरू शकते. उघड्यावर दोन-तीन मीटरची अचूकता मिळते. गाडीसाठी ती पुरेशी आहेच, आपल्या विहिरी नोंदवायलाही बहुधा पुरेल.

वाटाड्या

रिसीव्हरविषयी वर सांगितलेले सर्व मान्य आहे. पण ‘लॅपटॉपवर नॅव्हिगेशन’ या कल्पनेतच दोन वेगळी कामे एकत्र मिसळली गेली आहेत, आणि ती वेगळी केली नाहीत तर पैसा खर्च होऊनही समाधान मिळणार नाही, असे माझे मत आहे.

पहिले काम चालकाला वळणे सांगण्याचे. ते लॅपटॉप वाईट रीतीने करतो. चौदा इंची पडदा चालकाच्या नजरेच्या टप्प्यात सुरक्षितपणे बसवण्याजोगी जागा साध्या गाडीत नसते. साध्या लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड भर उन्हात अपुरा पडतो, आणि टचपॅड चालत्या गाडीत वापरणे हा निव्वळ धोका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या बदलानुसार चालकाला हातातील संपर्क-उपकरण मार्ग पाहण्यापुरतेच आणि एकाग्रता ढळणार नाही अशाच पद्धतीने वापरता येते. लॅपटॉपचा उल्लेख त्यात नसला, तरी त्यामागचा विचार लॅपटॉपला अधिकच लागू पडतो.

दुसरे काम शेजारी बसलेल्या वाटाड्याचे : आपण कोणत्या नाल्याच्या काठाने चाललो आहोत, पुढचा पाडा डावीकडे किती दूर आहे, हा कच्चा रस्ता बंधाऱ्यापाशी संपतो की पलीकडे निघतो, हे पाहण्याचे. ते लॅपटॉप फार चांगले करतो, कारण मोठ्या पडद्यावर आजूबाजूचा सारा प्रदेश एकदम दिसतो. तुम्हाला हवे आहे ते हेच दुसरे काम.

गूगल मॅप्सचा विचार सोडून द्यावा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते मार्ग काढून दाखवते, पण गाडीबरोबर सरकत जाऊन बोलून वळणे सांगणारी सोय तिथे नाही. दुसरे असे की, कॉम पोर्टवर (संगणकाच्या सीरिअल जोडणीवर) येणारा साधा रिसीव्हर ब्राउझरला दिसतच नाही. त्यासाठी तो विंडोजच्या स्थानसेवेत सेन्सर म्हणून नोंदवणारा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर ब्राउझर आसपासच्या वायफायवरून अंदाज बांधतो, आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतलेले असेल तर तो अंदाज भलतीकडे जाऊ शकतो.

इंटरनेटशिवाय बोलून मार्ग सांगणारे प्रोग्राम लॅपटॉपसाठी आहेत. विंडोजवर मॅपफॅक्टर नॅव्हिगेटर आणि लिनक्सवर नॅव्हिट ही दोन नावे सांगता येतील. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशाचे नकाशे वापरू शकतात. एके काळी या क्षेत्रात बरीच गर्दी होती. मायक्रोसॉफ्टचे ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’ तर रिसीव्हरसह एकाच खोक्यात मिळत असे, पण त्यातले नकाशे उत्तर अमेरिकेचे होते आणि २०१४ साली ते बंद करण्यात आले. मोबाइलमुळे या प्रोग्रामांचे गिऱ्हाईकच उरले नाही. म्हणून जुन्या लेखांत वाचलेल्या नावांच्या मागे लागू नये.

क्यूजीआयएस मात्र तुमच्याकडे आहेच, आणि त्यात जीपीएसचे स्वतंत्र पॅनल आहे. ते उघडून रिसीव्हरचा पोर्ट निवडला की तुमच्याच स्तरांवर तुमचे स्थान सरकू लागते. नकाशा आपोआप मध्यावर ठेवणे, चाललेल्या वाटेची रेषा नोंदवणे आणि जिथे आहोत तिथेच नवा बिंदू टाकणे, या सोयी त्यात आहेत. नव्या आवृत्त्यांत गाडीच्या दिशेनुसार नकाशा फिरवताही येतो. वळणे ते सांगत नाही. त्यासाठी तुमच्या स्तरातील पाडे जीपीएक्स (बिंदू आणि वाटा साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात निर्यात करून मोबाइलवरील ऑसमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये घ्यावेत आणि महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. ज्या पाड्याला जाणारी वाट ओपनस्ट्रीटमॅपवर नाही, ती क्यूजीआयएसमध्ये स्वतः रेखाटून तिची जीपीएक्स फाइल दिली, तर ऑसमअँड त्या रेषेवरूनही वाट दाखवते. एकटे असाल त्या दिवशी मोबाइलचा आवाज ऐका, आणि लॅपटॉप गाडी बाजूला थांबवूनच उघडा.

सह्यकडा

विजेचा आणि बसवण्याचा प्रश्न राहिला आहे, म्हणून लिहितो. प्रत्यक्षात बहुतेकांची योजना इथेच अडते.

२३० व्होल्टचा इन्व्हर्टर आणि त्याला लॅपटॉपचा घरचा चार्जर, हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय सर्वांत गैरसोयीचा आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने त्याचे पुन्हा १९ करायचे, यात वीज वाया जाते, पंख्याचा आवाज येतो आणि स्वस्त इन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरला बाधतो. लॅपटॉप यूएसबी-सीवरून चार्ज होत असेल, तर पॉवर डिलिव्हरी असलेला ६५ वॉटचा चांगला कार चार्जर पुरतो. गोल पिनचा जुना लॅपटॉप असेल, तर १२ व्होल्टचे थेट १९ करणारे कार अ‍ॅडॉप्टर मिळते. व्होल्ट, वॉट आणि पिनचा आकार लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर पाहून जुळवून घ्यावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारणपणे १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॉट. लॅपटॉपला ते भरपूर झाले, पण त्याच सॉकेटच्या दुभाजकावर टायरमध्ये हवा भरायचा पंप जोडू नये. इंजिन सुरू करताना व्होल्टेज क्षणभर खाली येते, म्हणून चार्जर इंजिन सुरू झाल्यावर जोडण्याची सवय ठेवावी.

साधी हार्ड डिस्क बदलून एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका, आणि रिसीव्हर घेण्याच्याही आधी टाका. फिरत्या तबकडीपासून केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष देवगोई घाटाच्या खड्ड्यांसाठी बनवलेले नाही. डिस्क गेली तर नकाशाबरोबर तुमच्या सर्वेक्षणाच्या नोंदीही जातील.

लॅपटॉप डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग तिथूनच उघडते, आणि तिच्या मार्गात ठेवलेली दोन किलोची वस्तू थेट सहकाऱ्याच्या तोंडावर येईल. सीटच्या रुळाच्या बोल्टमध्ये पाय अडकवून उभे राहणारे लॅपटॉप स्टँड मिळतात. गाडीला भोके पाडावी लागत नाहीत आणि पडदा सीटच्या बाजूला, एअरबॅगच्या वाटेबाहेर राहतो. स्टँड नको असेल तर सहकाऱ्याने पाठीमागच्या सीटवर बसून मांडीवर लाकडी फळी घ्यावी आणि त्यावर लॅपटॉप पट्ट्याने बांधावा. हे दिसायला गबाळे आहे, पण सुरक्षित आहे आणि तिथे पडद्यावर ऊनही कमी येते.

एप्रिल-मे महिन्यांत गाडी बंद करून गावात जाताना लॅपटॉप सोबत न्यावा. बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि शहाद्याच्या उन्हात बंद गाडीतील तापमान त्याच्या कितीतरी पुढे जाते.

पाणवठा

सर्वांचे मनापासून आभार. एसएसडी बसवून घेतली, चुंबकवाला रिसीव्हर टपावर ठेवला आणि काचेच्या रबरातून वायर आत घेतली. क्यूजीआयएसमध्ये स्थान दिसू लागले आहे. तीन शंका उरल्या आहेत.

रिसीव्हर जोडलेला ठेवून लॅपटॉप सुरू केला, की कधीकधी माउसचा बाण वेडावाकडा उड्या मारू लागतो आणि आपोआप क्लिक होतात. दुसरे, कार्यालयात पडलेला एक जुना रिसीव्हर राखीव म्हणून तपासला. तो स्थान बरोबर दाखवतो, पण तारीख जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची देतो. तो टाकून द्यावा का? तिसरी शंका अधिक गंभीर आहे. काही टोपोशीटवर माझा बिंदू रस्त्यावर नसून शेजारच्या नाल्यापलीकडे दिसतो, आणि काहींवर अगदी रस्त्यावर येतो. रिसीव्हर सदोष आहे का?

तारकामंडल

माउसचा गोंधळ हा विंडोजचा जुना आणि परिचित दोष आहे. रिसीव्हर दर सेकंदाला एनएमइए ०१८३ या प्रमाणित पद्धतीच्या मजकुराच्या ओळी कॉम पोर्टवर पाठवत राहतो. संगणक सुरू होताना विंडोज त्या पोर्टवर काही उपकरण आहे का हे पाहते, आणि सतत येणारी ही अक्षरे म्हणजे जुन्या काळचा सीरिअल माउस आहे असे समजते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गटात ‘मायक्रोसॉफ्ट सीरिअल बॉलपॉइंट’ असे नाव दिसेल. ते काढून टाकू नये, कारण पुढच्या वेळी ते परत येते. केवळ अक्षम करून ठेवावे. तोपर्यंत विंडोज पूर्ण सुरू झाल्यावरच रिसीव्हर जोडावा.

त्याच ठिकाणी आणखी एक-दोन गोष्टी पाहून घ्या. यूएसबीची जागा बदलली की पोर्टचा क्रमांकही बदलू शकतो, म्हणून रिसीव्हर नेहमी एकाच जागी जोडावा. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवते, ती सोय बंद करावी. एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. क्यूजीआयएस ‘जोडणी होत नाही’ म्हणाले, तर दुसरा कोणता प्रोग्राम रिसीव्हर धरून बसला आहे का ते प्रथम पाहावे. जुन्या रिसीव्हरसाठी माहिती पाठवण्याचा वेग बहुधा ४८०० बॉड आणि यू-ब्लॉक्ससाठी ९६०० बॉड निवडावा लागतो. कच्च्या ओळींवरून कधी हाताने बिंदू नोंदवलात, तर त्यांतील अक्षांश अंश आणि मिनिटे यांत एकत्र लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवा : २१४५.५०० म्हणजे २१ अंश ४५.५ मिनिटे, दशांशात २१.७५८३. ते २१.४५५ समजले तर बिंदू तेहतीस-चौतीस किलोमीटर दक्षिणेला पडेल. वेगही तिथे नॉट्समध्ये असतो, म्हणून ताशी किलोमीटरसाठी १.८५२ ने गुणावे.

जुना रिसीव्हर टाकून देऊ नका. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहिला जातो, म्हणून तो दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. अलीकडे तो ६ एप्रिल २०१९ च्या रात्री शून्यावर आला, आणि ज्या रिसीव्हरांचे फर्मवेअर (आतला कायमचा प्रोग्राम) जुने आहे ते सुमारे १९.६ वर्षे मागची तारीख दाखवू लागले. स्थान काढण्यावर याचा परिणाम होत नाही. फक्त त्या रिसीव्हरवरून नोंदवलेल्या बिंदूंना तारीख लॅपटॉपच्या घड्याळाची द्यावी.

उत्तरवाहिनी

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात : तिथे जीपीएसडी ही सेवा चालू केली की रिसीव्हर ती एकटीच उघडते आणि इतर कितीही प्रोग्राम २९४७ क्रमांकाच्या पोर्टवरून तिच्याकडून स्थान घेऊ शकतात; त्यामुळे वर सांगितलेली ‘एका वेळी एकच’ ही अडचण राहत नाही. क्यूजीआयएस थेट जीपीएसडीशी जोडता येते. वापरकर्त्याला डायलआउट गटात (सीरिअल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या) घालायचे मात्र विसरू नये. लॅपटॉपमध्ये सिमकार्डचे मोडेम असेल, तर त्यातच जीपीएस दडलेले असण्याची शक्यता असते. मोडेम मॅनेजरमधून ते सुरू करता येते.

वाटाड्या

तिसऱ्या शंकेचे उत्तर देतो. दोष रिसीव्हरचा असता, तर तो सर्वच टोपोशीटवर दिसला असता. काही शीट बरोबर आणि काही सरकलेल्या, याचा अर्थ तुमच्या संग्रहात दोन पिढ्यांच्या शीट मिसळल्या आहेत. सर्वेक्षण विभागाच्या नव्या मुक्त मालिकेतील नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भावर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या आधारावर) आहेत, म्हणजे जीपीएसच्याच संदर्भावर. त्याआधीच्या शीट एव्हरेस्टच्या गोलाभावर (पृथ्वीचा आकार मानण्याच्या जुन्या मापांवर) काढलेल्या आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर हा आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात देशाची जाळी तिथूनच मोजली गेली होती. जुन्या शीटच्या कडेला छापलेले अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ समजून शीट बसवली, तर आपल्या भागात ती शंभर मीटरच्या आसपास सरकते, आणि डोंगरातील रस्ता व नाला यांत अंतर तेवढेच असते.

उपाय सोपा आहे. जुन्या शीट पुन्हा बसवताना क्यूजीआयएसमध्ये त्यांची संदर्भप्रणाली ‘कल्याणपूर १९७५’ अशी निवडावी. पुढचे रूपांतर प्रोग्राम स्वतः करतो. नंतर दोन रस्त्यांचा तिठा किंवा पुलाचे टोक असे जागेवर न हलणारे ठिकाण निवडून तिथे गाडी थांबवावी आणि बिंदू तपासावा. उरलेला फरक काही मीटरांचा असेल तर तो कागदाच्या आकुंचनाचा आणि स्कॅनिंगचा समजावा, कारण १:५०,००० प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर होतात. त्या जुन्या शीटवरून तुम्ही विहिरी किंवा पाडे रेखाटले असतील, तर ते स्तरही तेवढेच सरकलेले असतील, म्हणून मोबाइलवर जीपीएक्स पाठवण्याआधी तेही दुरुस्त करून घ्यावेत.